लंकाबाईंचा नियम

आमच्या पाथर्डीकडच्या शाळेत शिक्षक बदलत राहतात, लंकाबाई बदलत नाहीत. त्या पोरांची खिचडी शिजवतात. मी बदलून आलो तेव्हा गळ्यात नवी शिट्टी होती आणि अंगात भलताच रुबाब. पहिल्याच खेळाच्या तासाला लंगडी लावली. बाद झालेली पोरं लिंबाखाली बसवायला लागलो, तोच लंकाबाई हातात पळी घेऊन मैदानात आल्या.

"सर, हितं बाद झालेलं पोर बसत न्हाई. त्यानं बी लंगडी घालून बाकीच्यांना धरायचं."

ही पद्धत म्हणे ज्योती मॅडमनी कुठल्याशा प्रशिक्षणातून आणलेली. मॅडमची बदली झाली. त्यांच्यानंतर आलेल्या दोन गुरुजींना ती लंकाबाईंनीच शिकवली. म्हणजे मी तिसरा विद्यार्थी! माझा पारा चढला.

"तुम्ही खिचडी बघा," मी म्हणालो. त्या गुमान आत गेल्या. त्या दिवशी माझ्या ताटातली खिचडी करपलेली नव्हती, हा त्यांचा मोठेपणा.

दुसऱ्या दिवशी तिसरीतली पंकजा आली नाही. आदल्या दिवशी सगळ्यात आधी तीच बाद झाली होती. दिवाळीनंतर आई-बापाबरोबर श्रीगोंद्याकडे ऊसतोडीला जायचं आणि उन्हाळ्यात परतायचं, तिला खेळायची सवय राहणार कुठून? तिसऱ्या दिवशीही तिची जागा रिकामी. मी मुकाट्याने लंकाबाईंकडे गेलो.

"बसवली ना तिला," तांदूळ निवडता निवडता त्या म्हणाल्या. "मला बी दुसरीत असंच बसवायचे, सर. तोडीवरनं आलं की पैली बाद मीच. मग म्हनलं, बसायचंच हाय तर घरी बसू. शाळंत परत आले ती थेट ह्या चुलीपाशी."

मला माझीच लाज वाटली. शाळा सुटल्यावर पंकजाचं घर गाठलं. ती उंबऱ्यावर बसली होती.

"उद्यापासून कुणीच बसायचं नाही," मी म्हणालो.

पोरीने मला खालून वर न्याहाळलं. "आसं तुमी म्हनता का लंकामावशी?"

"लंकामावशी," मी खरं ते सांगून टाकलं.

"मग येते."

दुसऱ्या दिवशी मीही पोरांबरोबर खेळात उतरलो. ती पुन्हा पहिलीच बाद झाली, आणि लंगडी घालत घालत तिने आधी मलाच धरलं.