स्वतः जाऊन पाहणारा

लॉकडाऊनमध्ये ऑस्ट्रेलियातल्या टूवूंब्याच्या घरातून मी झूमवर विद्यार्थ्यांपुढे एका प्राचीन ग्रीक इतिहासकाराबद्दल असा गरजायचो, की बाहेरचे काकाकुवे ओरडायचे थांबायचे. ओलीस म्हणून रोमला नेलेल्या या गड्याने अख्ख्या जगाचा एकच सलग इतिहास लिहिला. इतिहासकाराने स्वतः जाऊन पाहावं, हा त्याचा हट्ट.

तेव्हा पुण्यात बाबा ऑक्सिजनवर होते आणि इथल्या सीमा बंद. व्हिडिओ कॉलवर मी त्यांना हीच गोष्ट तिखटमीठ लावून ऐकवली. त्याने खरंच ओलांडलेला आल्प्स पर्वत तर मी त्याला अनवाणी चढायला लावला.

बाबा मास्कमधून हसले. "मग तू कधी येतोस पाहायला?"

"पहिल्या विमानाने! नाहीच मिळालं तर पोहत येतो."

"पोहता कुठे येतं तुला?"

दमून त्यांनी फोन छातीवर उताणा ठेवला. मला नुसतं वॉर्डचं छत दिसत होतं, खालीवर होणारं. कॉल तुटेपर्यंत मी तेच पाहत राहिलो.