वाढत्या अंगाचा स्विमसूट

२००९ ची गोष्ट. मामू दुबईहून रत्नागिरीत आमच्या घरी आला. बॅगेतून अत्तर निघालं, खजूर निघाले, दुधाची पावडर निघाली... आणि सगळ्यात तळाशी माझा स्विमसूट.

असातसा नाही हो! त्या काळात जगभर ज्या सूटमुळे पोहण्याचे रेकॉर्ड धडाधड मोडत होते ना, तसला. काळा, गुडघ्यापर्यंत, शिलाई एकही नाही, सगळे जोड चिकटवलेले. हातात घेतला तर कापड कमी आणि सायकलची ट्यूब जास्त. घातला की माणूस पाण्यावर आपोआप उचलला जातो म्हणे.

मी नववीत होते. विभागीय स्पर्धा कोल्हापूरला, दोनशे मीटर फ्रीस्टाईल. पहिल्या दोघी स्टेटला जाणार आणि आदल्या वर्षी मी तिसरी आले होते... म्हणजे माझे काय हाल झाले असतील बघा. तिकडच्या दोघी-तिघींकडे हा सूट आधीच आलेला होता.

फक्त मामूने एक घोळ घातला. सूट दोन साईज मोठा आणला! का, तर वाढत्या अंगाची पोर, दोन-तीन वर्षं तरी वापरेल. आमच्याकडे ईदचा ड्रेस असो की शाळेचा युनिफॉर्म, सगळं असंच घेतात. पण हा सूट अंगाला कातड्यासारखा बसायला हवा... माझ्या कमरेत पाणी भरून नुसती बादली व्हायची. तरी मी हवेत होते.

आता आमचे अब्बा. अब्बा लेडीज टेलर, बाजारात छोटंसं दुकान. माझे आजवरचे सगळे कॉस्च्युम त्यांनीच शिवलेले, मुंबईहून लायक्रा मागवून. मामूचा सूट आला तेव्हा त्यांनी तो उलटासुलटा करून बघितला आणि परत माझ्या हातात दिला.

निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी तो गुपचूप दुकानात नेला आणि कमरेत घेतला. मशीनवर! आत इंचभर माया सोडून, म्हणजे मी वाढले की टाके उसवून सैल करता येईल. मग मला सरप्राईज म्हणून घडी घालून बॅगेत ठेवून दिला. सैल कपडा आला की तो मापात घ्यायचा, तीस वर्षं त्यांनी हेच तर केलं होतं.

कोल्हापूरला शर्यतीआधी घट्ट सूट सरकावा म्हणून पायांत प्लास्टिकची पिशवी घालून मी तो वर ओढायला लागले. कमरेवरची शिलाई दिसली. पुढच्याच क्षणी सुईच्या भोकांच्या रांगेवरून तो टर्रकन फाटला, काखेपासून मांडीपर्यंत... पोस्टाची तिकिटं फाडावीत तसा.

बाहेर माझं नाव पुकारत होते. बॅगेत जुना कॉस्च्युम होता, अब्बांनी शिवलेला, पार विटका. तो चढवला आणि रडत रडतच उडी मारली. गॉगलच्या बाहेर पाणी, आतही पाणी.

परत तिसरी!

पोहण्याच्या सरांच्या मोबाईलवरून अब्बांना फोन लावला. "तुम्ही हात कशाला लावलात त्याला?" एवढंच मी ओरडले. पलीकडून हळूच, "चुकलंच माझं."

घरी पोचले तर अब्बा दारातच उभे, हातात सायकलवाल्याकडून आणलेलं पंक्चरचं सोल्यूशन. दे, चिकटवून बघतो म्हणाले. मी सूट त्यांच्यासमोर टाकला आणि आत निघून गेले. चिकटला नाहीच तो.

त्यानंतर अब्बांनी माझ्या कपड्यांना हात लावायचं सोडलं. युनिफॉर्मची बाही उसवली तर अम्मीला म्हणाले, दुसरीकडून शिवून आण, तिच्या कपड्याला माझा हात नको.

आणि एक गोष्ट मी घरात कुणालाच सांगितली नव्हती. शर्यत संपल्यावर सरांनी मला स्टॉपवॉच दाखवलं होतं. त्या विटक्या कॉस्च्युममध्ये मी माझा आजवरचा सगळ्यात चांगला टाईम दिला होता... आधीपेक्षा पूर्ण एक सेकंद कमी. हे अब्बांना सांगायला हवं, कळत होतं हो मला. पण सांगितलं असतं तर रागवायला काय उरलं असतं? म्हणून अडीच महिने दाबून ठेवलं. इतकी वाईट वागले मी.

जानेवारीत सर तलावावर म्हणाले, ते सूट आता बंद. सगळ्या जगात. यापुढे शर्यतीत फक्त कापडाचे. मुलींनी टाळ्या वाजवल्या, मला मात्र डोळ्यांसमोर दारात उभे असलेले अब्बा दिसले. ओल्या केसांनी तशीच दुकानात गेले.

अब्बा एका ब्लाऊजला काज करत होते. बातमी सांगितली, तर वर न बघता "बरं झालं" म्हणाले. मग ती दुसरी गोष्ट सांगितली... सांगता सांगता मला रडूच फुटलं.

त्यांनी सुई बाजूला ठेवली. "एक सेकंद म्हणजे किती गो?"

मी टेबलावरची मोठी कात्री उचलली, उघडली, मिटली. "एवढा."

"बराच की!" म्हणाले. चष्मा काढून पुसला आणि गळ्यातली टेप हातात घेतली. "चल, हात वर कर. मापात शिवू, की वाढत्या अंगाचा?"

"मापात, अब्बा."

पुढच्या वर्षी दुसरी आले, स्टेटला गेले, तिथे आठवी... ते जाऊ दे. आता लेकीसाठी कपडे घेताना माझाही हात आपोआप एक साईज मोठ्याकडे जातो आणि हसू येतं.

अब्बा हल्ली मशीनवर बसत नाहीत, सुईत दोरा ओवता येत नाही. ही पोस्ट मी त्यांना फोनवर वाचून दाखवणार आहे. अब्बा, मध्येच "पुरे गो" म्हणायचं नाही हं... तो एक सेकंद तुमचा होता, आणि मी तो तुम्हाला अडीच महिने उशिरा दिला. माफ करा.