माठाखालची अंडी

माझ्याकडे क्रेस्टेड गेकोची जोडी होती. ही दूरच्या बेटावरची पाल. डोळ्यांवर पापण्यांसारखे काटे, फळांची पातळ पेज खाणारी, आणि स्वभाव असा की जरा दचकली की शेपूट टाकून मोकळी. आपल्या भिंतीवरच्या पालीची शेपटी पुन्हा येते, हिची येत नाही. उकाडा तर हिला मुळीच सोसत नाही. बंगळुरूला बदलून गेलेल्या मित्राने पेटीसकट ही जोडी माझ्या गळ्यात मारली, तेव्हा हे शेवटचं तो सांगायला विसरला की मी ऐकलं नाही, यावर आमचा अजून वाद आहे.

या हिंदी मुलखात घरी आम्ही दोघंच, आई आणि मी. गावाबाहेर रिछाईच्या कारखान्यात माझी नोकरी, वय चाळिशीकडे, लग्न जमत नव्हतं. मुलीकडचे यायचे त्या दिवशी आई पेटीवर चादर टाकायची आणि मला बजावायची, छंद विचारले तर वाचन सांग.

नर-मादी सतत एकत्र ठेवायचे नसतात, हे मला मादी वाळून काडी झाल्यावर कळलं. अंड्यांवर अंडी घालून बिचारीच्या अंगातलं कॅल्शियम संपलं होतं. जनावरांच्या डॉक्टरांनी आधी माझ्यापुढची म्हैस तपासली, मग माझ्या हातातली डबी उघडली आणि म्हणाले, "अब इससे अंडे मत लेना." म्हणजे नुकतीच घातलेली दोन अंडी शेवटची. आधीची सगळी पिचकून गेली होती. ही दोन मात्र उजेडाला धरली की आत लाल शिरा दिसायच्या.

त्यांना गारवा हवा, पण फ्रीजचा नको. कूलर विजेच्या मर्जीवर. सगळं घर धुंडाळल्यावर एकच जागा सापडली: आईचा पाण्याचा माठ. पसरट कुंडीतल्या वाळूवर तो बसवलेला, पाझरून वाळू दिवसभर ओली. पण आई अशी की पाण्याजवळ पाल दिसली तरी भरलेला माठ ओतून द्यायची. तिला सांगण्यात अर्थ नव्हता. श्रीखंडाच्या रिकाम्या डब्याला भोकं पाडली, आत ओला नारळाचा भुसा घातला. ही अंडी उलटली तर आतलं पिल्लू मरतं, म्हणून प्रत्येकावर वरच्या बाजूला पेन्सिलीचा ठिपका दिला आणि डबा वाळूत पुरला. माझ्या हुशारीचं मलाच कौतुक वाटलं.

मग अक्षय तृतीया आली. आईने नवा माठ आणायला पाठवलं. मी घमापूरला कुंभारांकडे गेलो, दहा माठ बोटाने वाजवून पाहिले, घासाघीस केली, चांगला पाझरणारा माठ खांद्यावर घेऊन आलो, दमून जरा आडवा झालो आणि मग आंघोळीला गेलो. नवा माठ म्हणजे नवी वाळू, हे डोक्यावर पाणी पडल्यावर सुचलं. तसाच टॉवेल गुंडाळून धावलो. कुंडीत स्वच्छ, कोरडी वाळू आणि वर मी आणलेला माठ.

आई पूजेला बसली होती. पूजेत ती बोलत नाही. मी खुणेने माठ दाखवला, तिने खुणेने टॉवेल दाखवला आणि कपडे घाल म्हणून हात उडवला. कपडे घालून आलो तर तिने पितरांचं पान माझ्या हातात दिलं, गच्चीवर कावळ्याला ठेवायला.

गच्चीवर गेलो. जुनी वाळू तिथेच, भर उन्हात पसरलेली. कठड्यावर कावळे. मी पान बाजूला ठेवून गुडघ्यांवर बसलो आणि वाळू उपसू लागलो. डबा नव्हता. एक कावळा चोचीत काहीतरी पांढरं घेऊन बसला होता. तो भात होता, आमच्याच पानातला, पण हे कळेपर्यंत माझा जीव अर्धा झाला. कोपरापर्यंत वाळू घेऊन खाली आलो. पूजा आटोपली होती.

"आई, वाळूत एक डबा होता."

"तो? नव्या माठाखाली ठेवला ना मी. काहून?"

"तुला माहीत होतं?"

"महिन्यापासून पाहून राहिली मी. पाणी कोण भरते इथं, तू?"

"हलवला नाहीस ना?"

"नाही रे. धुतला तेवढा. अंडी पण पुसून ठेवली. पिण्याच्या पाण्याखाली असं कसं ठेवू?"

ठिपके गेले होते. कुठली बाजू वर, ते आता फक्त अंड्यांना माहीत. नवी वाळू भिजेपर्यंत मी चमच्याने पाणी सोडत बसलो. पुढे रोज कारखान्यातून घरी येताना आज सडल्याचा वास येईल का, याचीच धास्ती. एक अंडं आठवड्यातच खचलं. दुसऱ्याला उजेडाला धरायचीही हिंमत होईना. शेवटी ऐन जूनच्या उकाड्यात एक दिवस कारखान्यातून आलो, तर आई रिकामा तांब्या हातात धरून माठासमोर उभी.

"हळू ये," ती म्हणाली.

डब्याचं झाकण तिने धुतल्यानंतर नीट लागलंच नव्हतं. माठाच्या ओल्या पोटावर बोटाएवढं पिल्लू चिकटून बसलं होतं, शेपटीसकट. मी डबी उघडून घाईने पुढे झालो.

"थांब. तू आणखी घाबरवशील त्याला. त्याचं ते उतरू दे."

"आणि तुझं पाणी?"

फ्रीजच्या पाण्याने घसा धरतो म्हणून तिने जन्मात ते तोंडाला लावलं नव्हतं. तिने तांब्या खाली ठेवला.

"बाटली आण एक," ती म्हणाली. "आणि ते दार हळू लाव."