दुसऱ्या आवृत्तीतली माय

आमच्या दादाच्या पुस्तकाला ज्या प्राध्यापकांनी प्रस्तावना लिहिली, त्यांनी आमचं गाव पाहिलेलं नाही. गाव समुद्रपूर तालुक्यात आहे. तिथं यायचं तर जामच्या चौकातून आत वळावं लागतं, आणि हे प्राध्यापक जन्मभर त्या चौकातून सरळ नागपूरकडं गेले. तरी प्रस्तावनेत लिहितात, ‘या आत्मचरित्राच्या पानापानांत सत्य धगधगते आहे.’ धगधगतं म्हणे! हात लावून पाहिला होता का बाप्पा?

दादा म्हणजे माझा सावत्र भाऊ. त्याची आई तो अगदी लहान असताना गेली, मग बाबांनी माझ्या मायशी लग्न केलं आणि मी झाले. सावत्र हा शब्द मी इथं वाचणाऱ्याच्या सोयीसाठी लिहिते आहे. आमच्या घरात तो शब्द कोणी तोंडातून काढला नाही. दादा माझ्या मायला मायच म्हणायचा. पुढं तो वर्ध्याला वसतिगृहात राहिला, शिकला, मोठा अधिकारी झाला, पुण्यात बंगला बांधला आणि निवृत्त झाला. निवृत्त अधिकाऱ्याला जे होतं ते मग त्यालाही झालं. आत्मचरित्र झालं.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठी शिकवलं. आता गावातच मायजवळ राहते. असली पुस्तकं मी ढिगानं वाचली आहेत. सगळे अनवाणी! एवढी माणसं अनवाणी शाळेत गेली असतील तर हिंगणघाटच्या बाजारात चपला घेत कोण होतं? सगळे कंदिलाखाली शिकलेले, सगळ्यांनी शिळी भाकर खाल्लेली, आणि सगळ्यांना एक तरी दुष्ट नातेवाईक मिळालेला. दादाच्या पायात टायरच्या चपला होत्या. त्या त्याला लहान झाल्या की मला घालाव्या लागायच्या, म्हणून मला पक्कं ठाऊक आहे. त्याच्या भाकरीवर लोण्याचा गोळा असायचा, माझ्या भाकरीवर नसायचा. मी रडले की माय म्हणायची, “त्याले माय नाई, तुले हाय. चूप बस.” हे एवढं एक वाक्य त्यानं पुस्तकात घातलं असतं ना, तर मी त्या प्राध्यापकांची प्रस्तावनासुद्धा मुकाट्यानं गिळली असती.

प्रकाशन वर्ध्यात झालं. दादानं मायला न्यायला गाडी पाठवली. तिला स्टेजवर बसवलं, शाल दिली, नारळ दिला. दादा माइकवर म्हणाला, “ही माझी माऊली.” लोकांनी टाळ्या वाजवल्या. आमच्याकडची ही रीतच आहे, आधी सत्कार, मग पुस्तक. ज्याची अब्रू आत काढून ठेवली आहे त्याच्या हातात आधी नारळ द्यायचा, म्हणजे त्याला हात उचलता येत नाही. मायनं ते पुस्तक घरी येईपर्यंत मांडीवर धरून ठेवलं होतं. तिला वाचता येत नाही. गाडीत दोनदा मला विचारलं, “माहा फोटो हाय का व त्याच्यात?” फोटो नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारी ओसरीवर बसून मी तिला वाचून दाखवायला लागले. तिला बाकी कशात रस नव्हता. दर थोड्या वेळानं विचारायची, “मी आली का?” शेवटी आली. पण माय म्हणून आली नाही. जिला जन्मभर माय म्हणाला, तिला पुस्तकात त्यानं ‘ती बाई’ केलं होतं. लिहिलं होतं की आई गेल्यावर वर्षभरात तिची चांदी त्या बाईच्या गळ्यात आली. ‘ती बाई रोज जेवताना माझ्या देखत ती चांदी कुरवाळायची आणि मी आईच्या दागिन्याकडे बघत अर्धपोटी उठायचो.’

मी वाचता वाचता थांबले. मायचा हात गळ्याशी गेला होता.

तिच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात चांदीचा एक लहानसा टाक आहे. पातळ पत्रा, त्यावर ठोकून काढलेली बाईची आकृती. तो दादाच्या आईचा दागिना नाही. ती दादाची आई आहे. आमच्याकडं पहिली बायको वारली आणि माणसानं दुसरी केली, की दुसरीनं पहिलीचा टाक घडवून गळ्यात घालायचा. सवतीचा टाक. नवं लुगडं आधी त्याला लावायचं, मग आपण नेसायचं. सणाची पुरणपोळी आधी त्याला दाखवायची, मग तोंडात घालायची. माय सणाची वाट पाहत बसली नाही. रोजच्या भाकरीचा पहिला तुकडासुद्धा ती त्या टाकाला लावूनच खाते, अजूनही. बाबा गेले तेव्हा तिच्या गळ्यातलं बाकी सगळं उतरलं, हा टाक तेवढा राहिला. सवतीचं नातं नवऱ्याच्या नात्यापेक्षा टिकलं. आणि हा शहाणा लिहितो, चांदी कुरवाळायची!

मला इतका राग आला की पुस्तक अंगणात भिरकावावंसं वाटलं. मायला राग आला नाही, त्याचा मला आणखी राग आला.

ती म्हणाली, “त्याले कोणी सांगतलंच नाई. लहान लेकराले रोज काऊन दाखवा, हे पाह्य तुही मेलेली माय म्हणून?”

“लहान होता तवा ठीक हाय. आता नातवाले खेळवते तो. इचारता नव्हतं येत? फोन नाई का त्याच्यापाशी?”

“येईन तवा सांगतो मी त्याले,” माय म्हणाली.

पण तो यायच्या आधी पुस्तक गावात आलं. ग्रामपंचायतीच्या वाचनालयात त्यानंच प्रती पाठवल्या होत्या, सहीनिशी. टाकाची रीत जाणणाऱ्या म्हाताऱ्या आता राहिल्या नाहीत. नव्या सुनांना मंगळसूत्र रोज घालायचा कंटाळा, त्यांना टाक कुठून ठाऊक असणार? मायचं सगळं येणं-जाणं म्हणजे मारुतीच्या देवळातलं बायांचं भजन. मंगळवारी ती टाळ घेऊन जायची. एका मंगळवारी एक सून सगळ्यांसमोर तिला म्हणाली, “आजी, देऊन टाका ना आता ते चांदी त्याले. त्याच्या मायची हाय.” माय तशीच उठली. घरी आली, टाळ खुंटीला अडकवले आणि परत गेली नाही. मी विचारलं तर म्हणे गुडघे दुखून राह्यले. गुडघे तिचे केव्हापासूनच दुखत होते. त्यांनी मंगळवार कधी चुकवला नव्हता.

मी दादाला फोन लावला. तो आता फार शुद्ध बोलतो.

“अगं, आत्मचरित्र म्हणजे काही कोर्टाचा निकाल नसतो,” तो म्हणाला. “त्या वयात मला जे जाणवलं, ते माझं सत्य.”

“तुझं सत्य तुझ्यापाशी ठेव ना मग. दुसऱ्याच्या गळ्यात कायले अडकवतो? छापायच्या आधी कोणी तपासलं हे?”

“सरांनी वाचलंय. प्रकाशकांकडे मुद्रितशोधक आहे, त्यानं दोनदा वाचलंय.”

“त्यानं वेलांट्या तपासल्या. माय कोणं तपासली?”

यावर तो हसला. हसला! मला म्हणाला, आपल्याच घरच्यांना आधी वाचायला दिलं तर जगात एकही आत्मचरित्र छापून होणार नाही. मी म्हटलं, नाही झालं तर जगाचं काय अडतं? आम्ही शाळेत पोराच्या तीन ओळींच्या निबंधावर लाल पेन चालवायचो, आणि इथं माणूस जिवंत बाईची अब्रू छापतो आणि लाल पेन प्राध्यापकाच्या हातात, ज्याला त्या बाईचं तोंड ठाऊक नाही. मेलेल्यांचं एक वेळ राहू दे. जे जिवंत आहेत, ज्यांना त्याच गावात उद्या पाण्याला जायचं आहे, त्यांना आधी वाचून दाखवावं. वाचता येत नसेल तर समोर बसून वाचून दाखवावं. यात काही फार शहाणपण लागत नाही, थोडी लाज लागते.

मग मी त्याला टाक म्हणजे काय ते सांगितलं. त्याची आई साठ वर्षं कुणाच्या छातीवर आहे आणि कुणाच्या घासातला पहिला घास खाते आहे, सगळं सांगितलं. पलीकडून चष्मा टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. मला वाटलं, रडतो आहे. वाटलं, आता म्हणेल, मायला फोन दे.

तो म्हणाला, “हे फार विलक्षण आहे गं. फारच विलक्षण.”

तेव्हाच मी समजून जायला हवं होतं. माणसाला पश्चात्ताप झाला की तो असा बोलत नाही. व्यापाऱ्याला माल आवडला की तो असा बोलतो.

दुसरी आवृत्ती निघाली. प्राध्यापकांनी प्रस्तावनेत दोन परिच्छेद वाढवले, आता सत्य पहिल्यापेक्षा जास्त धगधगत होतं. आणि शेवटी एक नवं प्रकरण. त्यात लेखक गावी येतो. सूर्य मावळत असतो, तो तर असायलाच पाहिजे. तुळशीपाशी वृद्ध माता बसलेली असते. आता ती ‘ती बाई’ नव्हती, माता झाली होती. लेखक तिच्या पायांवर डोकं ठेवतो. ती थरथरत्या हातानं टाक त्याच्या तळहातावर ठेवते, म्हणते, “ही पाह्य तुही माय.” दोघं रडतात. या प्रकरणावर पुस्तकाला पुरस्कार मिळाला.

दादा गावात आलाच नव्हता. प्रकाशनानंतर तो आलाच नाही, ना दिवाळीला, ना पोळ्याला, ना मायचा मोतिबिंदू काढायला आम्ही सावंगीच्या दवाखान्यात गेलो तेव्हा. आणि आमच्या अंगणात तुळस नाही, बकऱ्या ती शिल्लक ठेवत नाहीत.

मी ते प्रकरण मायला वाचून दाखवलं. मुद्दाम नाटकी आवाजात वाचलं. मला वाटलं, निदान आता तरी ती चिडेल, पोट्ट्याला दोन शिव्या हासडेल. ती ऐकत राहिली. संपल्यावर तिनं विचारलं, “कवा आलता तो?”

“नाईच आलता, माय. खोटं हाय हे.”

“पोळ्याले आलता काय?”

“नाई व.”

ती विचारात पडली. मग म्हणाली, “मले नाई बाप्पा आठवत. पण आता माह्या ध्यानात तरी काय राह्यते? एवढं छापलं हाय म्हणजे आला असंल.”

मी कपाळावर हात मारला. मी समजावलं, ओरडले, पुस्तक तिच्यापुढं आपटलं. काही उपयोग झाला नाही. जी बाई सगळ्या पुस्तकाला खोटं ठरवू शकत होती, ती एकटीच बाई पुस्तकाला खरं मानून बसली.

वाचनालयात दुसरी आवृत्तीही आली. पुढच्या मंगळवारी भजनातल्या सुना घरी आल्या, तिला टोमणा मारणारी सगळ्यांत पुढं. तिनं मायच्या पायाला हात लावला. म्हणाली, “आजी, आमाले का मालूम! चाला ना.” माय टाळ घेऊन निघाली. गुडघे बरे झाले.

आता माय ती गोष्ट सांगते. आधी पुस्तकात होती तेवढीच सांगायची. मग तिच्यात भर पडायला लागली. दादानं पांढरा सदरा घातला होता. एसटीनं आला होता, गाडी आणली नव्हती. लहानपणी रडायचा तसाच रडत होता, नाक ओढत. आपण त्याचं तोंड पदरानं पुसलं. सांगताना तिचा चेहरा उजळतो. मला संताप येतो आणि मी आत जाऊन भांडी आपटते.

परवा त्याच दोघी-तिघी सुना मोबाईल घेऊन आल्या. आजीचा व्हिडिओ करायचा होता. मायनं केस विंचरून घेतले, टाक पदराबाहेर काढला आणि सगळं सांगितलं. दादा आला, पाया पडला, मग ओसरीवर बसून चहा प्यायला, दोन कप, कमी साखरेचा, साखरेची बिमारी झाली आहे म्हणे त्याला. सगळ्या गोष्टीत तेवढी बिमारी खरी होती.

मी दारात उभी होते. एकीनं मोबाईल माझ्याकडं वळवला. “मॅडम, तुमी तवा घरीच होत्या ना?”

मायनं वळून माझ्याकडं पाहिलं. ती विचारत नव्हती. तिला खात्री होती की मी होते, आणि मी तसंच सांगेन.

“हाव,” मी म्हटलं. “चहा मीच केलता.”