डाव्या कोपऱ्यासाठी माणूस

आमच्या कबड्डी संघाचे गुण मी लिहितो. पेणला एका गणपतीच्या कारखान्यात हिशेब बघतो, म्हणून हे काम माझ्या गळ्यात पडलं. स्वतः मी कधी कुणाचा घोटा धरलेला नाही.

आमच्या खाडीकाठच्या गावात चढाईला जाणाऱ्यांची कमतरता नाही. लोकांच्या शिट्ट्या ऐकत सगळ्यांनाच पुढे पळायचं असतं. पकडीला उभं राहणारा मात्र शोधावा लागतो. पेण-रोह्याच्या संघांची हिवाळी स्पर्धा असते, तिचा नियम सोपा आहे. जुन्यातले तिघे प्रत्येक संघाने स्वतःकडे ठेवायचे. बाकीचे रोह्याला एकत्र येतात आणि आळीपाळीने निवडले जातात. ज्याचा संघ तळाला, त्याची पाळी पहिली. गेल्या मोसमात तळाला आम्हीच होतो.

निवडीआधी कर्णधाराच्या ओटीवर बैठक बसली. त्याने राखलेले तिघेही, तो स्वतः धरून, चढाईवाले निघाले.

"अरे, पकडीला कोण?" मी विचारलं.

"होईल काहीतरी," कर्णधार म्हणाला.

"दर वर्षी काहीतरीच होतं. हुकलेल्या पकडींपैकी निम्म्याहून जास्त डाव्या कोपऱ्यातल्या आहेत. पहिल्या पाळीला डावा कोपराच घ्यायला पाहिजे."

डाव्या कोपऱ्यात इतकी वर्षं कर्णधाराचा चुलत भाऊ उभा होता. नागोठण्याच्या कंपनीत कामाला, त्या दिवशी दिवसपाळीला गेलेला. कर्णधार त्याच्या शेजारी उभा राहायचा, हातात हात घालून. आमच्याकडे त्याला साखळी म्हणतात. चढाईवाला आत आला की साखळीतल्या दोघांनी एका अंगाने हलायचं आणि त्याला घेरायचं. या दोघांची साखळी पंचक्रोशीला माहीत होती. पण भावाचा गुडघा दोन मोसमांपासून साथ देत नव्हता, आणि तेही सगळ्यांना माहीत होतं.

"त्याला सांगायचं कोणी?" कर्णधाराने विचारलं. मग माझ्याकडे बघत म्हणाला, "आकडे तुमचे हायत, तुम्हीच सांगा."

सांगायला जावं लागलं नाही. संध्याकाळी कंपनीच्या बसमधून उतरून तो सरळ माझ्या घरी आला, डबा हातातच होता.

"बैठकीत काय ठरलं, मला कोण नीट सांगत नाय. तुम्ही सांगा."

मी सांगितलं. गेल्या मोसमाच्या सुरुवातीला समोरचे चढाईवाले त्याच्या बाजूला जायला कचरत होते. शेवटी शेवटी ते मुद्दाम तिकडेच जायला लागले, हेही सांगितलं. आमच्या हिने चहा ठेवता ठेवता डोळे वटारले.

"अहो, जरा चहा तरी पिऊ द्या भाऊजींना."

"बोलू दे वहिनी. गुडघ्याला आधीच कळलंय, फक्त मलाच कळायचं होतं." तो हसला. हसणं फार वेळ टिकलं नाही. "एक मोसम अजून खेळायचा होता. बघू. रोह्याला मी येतोच, माझं नाव पण तिथेच हाय ना आता. आणि कोपऱ्याचा माणूस मीच बघून देतो. तो माझा भाऊ नुसते दंड बघून कुणालाही उचलेल."

रोह्याला आम्ही कारखान्याच्या टेम्पोतून गेलो. मूर्तींखाली घालायचा पेंढा मागे तसाच होता, त्यावर बसून. कर्णधार आणि तो दोन टोकांना बसले होते. नागोठण्याचा पूल आला तेव्हा त्याने कंपनीकडे बोट दाखवलं आणि म्हणाला, "आज सुट्टी टाकलीय, रिकामा परत नका आणू मला." सगळे हसले, कर्णधार सोडून.

निवडीआधी सकाळी मॅटवर सराव असतो. डाव्या कोपऱ्यासाठी चार जण होते. आमचा माणूस, कर्णधाराचा भाऊ, स्वतःची जागा सोडून कर्णधाराच्या जागेवर, म्हणजे कोपऱ्याच्या शेजारी, उभा राहिला. एकेकाला कोपऱ्यात घेतलं, त्याचा हात धरला आणि समोर चढाई लावायला सांगितली. माणूस पारखायची ही त्याची रीत. पायांकडे त्याने बघितलंही नाही.

पहिला दांडगा होता. दोन चढाया झाल्यावर आमचा माणूस हात झटकत बाहेर आला. "हा ओढतो. आपल्याला घेऊनच रेषेबाहेर जाईल." दुसऱ्याचा हात घट्ट, पण सोडायचा कधी ते त्यालाच ठाऊक नव्हतं. तिसऱ्याला त्याने नुसतं "चांगला हायस, पण उजवीकडे खेळ," म्हटलं. चौथा नागोठण्याकडचा, अंगाने किडकिडीत. त्याच्यासोबत तो बराच वेळ राहिला.

"हा हात सोडायच्या आधी दाबतो," माझ्याशेजारी बसत तो म्हणाला. "म्हणजे शेजारच्याला कळतं, आता हा घोटा धरायला जाणार. तुमचं काय म्हणणं?"

माझंही तेच होतं. चौघांत सगळ्यात जास्त पकडी त्या किडकिडीत मुलाच्याच. आकडे वेगळं काही सांगत असते तर मला बरं वाटलं असतं.

पहिली पाळी आमची. कर्णधार उभा राहिला. त्याचा डोळा भावावर.

"बोल ना रं. का मी बोलू?" भाऊ म्हणाला.

कर्णधाराने त्या किडकिडीत मुलाचं नाव घेतलं आणि खाली बसला. टाळ्या वाजल्या. सगळ्यात जोरात आमच्याच माणसाने वाजवल्या.

मग फेऱ्या होत गेल्या. त्याचं नाव कुणी घेईना. शेवटच्या फेरीला पुन्हा आधी आम्हीच होतो. कर्णधार उठला, तेवढ्यात भावाने त्याचा शर्ट मागून धरून त्याला खाली खेचला.

"माझं नाव घेणार हायस ना? राखीव ठेवून बाकड्यावर बसवशील. उजव्या बाजूला माणूस कमी हाय तुझा. तो मघाचा तिसरा घे."

"आणि तू?"

"माझं मी बघतो."

कर्णधाराने तिसऱ्याचं नाव घेतलं, इतक्या हळू की पुन्हा सांगावं लागलं. त्यानंतर आणखी काही संघ होऊन गेले. आमचा माणूस गुडघा चोळत जमिनीकडे बघत होता. मीही लिहायचं सोडून तिकडेच बघत राहिलो. सगळ्यात शेवटी रोह्याचा संघ. त्यांचा व्यवस्थापक, सकाळपासून खुर्चीत न हललेला जाडा माणूस, त्याने आमच्या माणसाचं नाव घेतलं.

"गुडघा बघितलात का?" मागून कुणीतरी टोमणा मारला.

"बघितला. आणि सकाळपासून हेही बघतोय, याच्या शेजारी उभा राहिलेला प्रत्येक जण बरा खेळला. राखलेले तिघे सोडले तर आमची सगळी पोरं नवीन, हातात हात कोण धरत नाय. याला मधे उभा करतो, पळायचं काम नाय."

मी माझा कागद काढून पाहिला. जाडा माणूस बरोबर होता. चौघांच्याही पकडी आदल्या मोसमात आमच्याविरुद्ध होत्या त्यापेक्षा चांगल्या, आणि चौघांचाही हात त्या वेळी एकाच माणसाच्या हातात. मग आमच्या नव्या कोपऱ्याच्या पकडींतल्या त्याच्या स्वतःच्या किती आणि शेजारच्या हाताच्या किती? ते मला त्या कागदावरून वेगळं काढता येईना.

परतताना कर्णधार पेंढ्यावर भावाच्या शेजारी येऊन बसला. नागोठण्याचा पूल मागे पडला.

"आमच्याविरुद्ध खेळशील?" शेवटी कर्णधाराने विचारलं.

"मग? तुझ्या चढाया मला पाठ हायत." मग माझ्याकडे वळून, "आणि तुम्ही, माझी पकड झाली की नीट लिहा. आपल्या गावचा म्हणून एक जास्त लिहू नका, आणि परक्या संघाचा म्हणून एक गाळायची तर मुळीच नाय."