डावी बाजू कच्ची

जाड लोकरी फेल्टचा तुकडा पुन्हा गायब झाला, तेव्हा ताईने कात्री टेबलावर आपटली आणि आतल्या खोलीकडे बघून हाक मारली. उत्तर आलं नाही. दुसरी हाक मारली, तरी नाही. भाऊच्या डोक्यावर हेडफोन असले की घराला आग लागली तरी त्याला धुराचा वास आल्यावरच कळलं असतं.

ताई सोफ्यांची कव्हरं शिवायची, बसलेल्या खुर्च्यांमध्ये नवा फोम भरायची, पडदे करून द्यायची. पुढे दुकान, मागे दोन खोल्या. भाऊ तिचा चार वर्षांनी धाकटा सख्खा भाऊ. पण सगळी गल्ली त्याला भाऊच म्हणायची. आठ वर्षांपूर्वी बायको गेल्यावर तो एक पिशवी घेऊन बहिणीकडे चार दिवसांसाठी राहायला आला. ते चार दिवस अजून संपायचे होते. त्याबद्दल ताईची तक्रार नव्हती. तक्रार होती ती दोन वर्षांपूर्वी त्याला लागलेल्या खुळाची.

खूळ असं, की बाजारातले सगळ्यात स्वस्त हेडफोन आणायचे, खोलायचे, आत नाही नाही ते भरायचं आणि महागड्या हेडफोनांच्या तोंडात मारतील असे वाजवून दाखवायचे. 'नाही नाही ते' म्हणजे ताईच्या दुकानातलं सामान. आधी कापूस गेला, मग फोमचे काप, मग एका गिऱ्हाइकाच्या राजेशाही खुर्चीसाठी आणलेली मखमल. त्या मखमलीच्या भाऊने कानावरच्या गाद्या केल्या आणि वर तिलाच दाखवायला आणल्या. शिवण वाकडी होती. ताईला चोरीपेक्षा त्या शिवणीचाच जास्त राग आला.

बरं, एवढं करून ते वाजत तरी धड होते का? भाऊ ताईच्या डोक्यावर हेडफोन चढवायचा आणि समोर उभा राहून तिच्या तोंडाकडे बघत बसायचा. ताईला दर वेळी एकच जाणवायचं. उजवीकडे कुजबुज आणि डावीकडे कल्ला. ती तसं स्पष्ट सांगायची, की भाऊ हसायचा.

"तुझे कान तयार नाहीत ताई. अगं, सगळ्या कंपन्यांची डावी बाजू कच्ची असते. उजवीकडे माल ओततात आणि डावीकडे हात आखडतात. लोकांना तेच ऐकायची सवय लागली आहे. मी फक्त तोल सांभाळतो."

तोल सांभाळायचा म्हणजे उजव्या वाटीत फेल्टचे तीन थर द्यायचे, तिची भोकं चिकटपट्टीने बुजवायची आणि डावी मोकळी सोडायची. महिन्यागणिक उजवीकडचे थर वाढत होते आणि ताईचं फेल्ट घटत होतं.

हे सगळं घरातल्या घरात राहिलं असतं तर ताईने डोक्याला हात लावून सोडून दिलं असतं. पण भाऊ लिफ्टचा मेकॅनिक होता, तीस वर्षं मुरलेला, आणि त्याचं नाव होतं ते त्याच्या कानामुळे. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक चालत्या मोटरला टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटून सांगायचं की हे बेअरिंग दिवाळं काढणार, महिन्याभरात बदला. ते कधी चुकलं नव्हतं. ऑफिसात नवा साहेब आला की पहिल्याच आठवड्यात त्याला कोणीतरी सांगायचं, आवाजाचा दोष असेल तर भाऊला पाठवा.

आणि आता दुकानासमोरच्याच इमारतीतली लिफ्ट भाऊचं ऐकेनाशी झाली होती. वर जाताना तिसऱ्या मजल्यापाशी घासल्यासारखा आवाज यायचा. लिफ्ट दोन उभ्या रुळांच्या मधून सरकते. त्यांतल्या एका रुळावर काहीतरी घासत होतं, एवढं शेंबडं पोरही सांगेल. भाऊ आत उभा राहिला, आवाज उजवीकडून आहे म्हणाला, उजव्या रुळावरचे पॅड बदलले आणि वहीत 'दोष नाही' लिहून सही केली. आवाज तसाच. त्याने पुन्हा उजवीकडचंच खोललं आणि पुन्हा 'दोष नाही' लिहिलं. तरी तसाच. रहिवाशांच्या दोन तक्रारी ऑफिसात गेल्या. साहेब गोड बोलून म्हणाले, भाऊ, थकला असाल तर सांगा, तुम्हाला सामानाच्या खोलीत बसवू. तिथे बसून नट-बोल्ट मोजायचे होते. भाऊ त्या दिवशी जेवला नाही.

त्याच इमारतीत पाचव्या मजल्यावर मेडिकलवाला राहायचा. औषधांचं दुकान तळमजल्यावर, घर वर, आणि दोन्हीच्या मध्ये ही लिफ्ट. त्याच्याकडे खूप महागडे हेडफोन होते. त्या पैशांत फ्रिज आला असता आणि वर मिक्सरही. भाऊने ते एकदा त्याच्या घरी डोक्याला लावले होते, स्वतःचे त्याला ऐकवले होते आणि त्याचे "डावी बाजू कच्ची" म्हणून परत दिले होते. मेडिकलवाल्याने ते लक्षात ठेवलं होतं. एका सकाळी भर गल्लीत तो म्हणाला, "भाऊ, लिफ्ट अजून घासतेय. हेडफोन घालून घालून कान गेले वाटतं तुमचे."

बस. भाऊने तिथेच आव्हान दिलं. येत्या रविवारी दुपारी, ताईच्या दुकानात. डोळे बांधून दोन्ही हेडफोन ऐकायचे. स्वतःचे कुठले आणि मेडिकलवाल्या शेठचे कुठले हे भाऊने ओळखून दाखवायचं, आणि मेडिकलवाल्याच्या तोंडावर सांगायचं की कुठले सरस. जिंकला तर मेडिकलवाला ऑफिसात जाऊन सांगणार, की भाऊच्या कानात काही खोट नाही. हरला तर?

"हरणार नाही," भाऊ म्हणाला.

"पण हरलास तर?" ताईने विचारलं.

"तर बसतो की नट मोजत."

ताईच्या अंगाचा तिळपापड झाला. खुळापायी माणूस कापूस चोरतो इथवर ठीक, पण तीस वर्षांची नोकरी कोणी खेळण्यावर लावतं का? ती दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही. मग शिवायला बसली, कारण भाऊनेच येऊन सांगितलं, की महागडा जोड जड आहे, हलका कुठला आणि जड कुठला हे डोक्याला लगेच कळेल, तेव्हा काहीतरी कर. जे करायचं ते धड करायचं, हा ताईचा स्वभावच. तिने एकाच काळ्या कापडाची दोन्हींना सारखी कव्हरं शिवली. पडद्याच्या काठात घालायची शिशाची पट्टी कापून भाऊच्या स्वस्त जोडाच्या पट्ट्यात घातली आणि दोन्ही वजनं काट्यावर सारखी करून घेतली. कव्हरांखाली डावं-उजवं लिहिलेलं झाकलं गेलं, म्हणून दोन्हींच्या डाव्या वाटीवर आतून लाल दोऱ्याची एक गाठ मारली. कुठला जोड कोणाचा, हे तिला एकटीलाच ठाऊक होतं.

रविवारी दुपारी मेडिकलवाला आला तो पेढे मिळणार असल्यासारखा खुशीत. भाऊ टेबलापाशी स्टुलावर बसला. ताईने अस्तराच्या पट्टीने त्याचे डोळे बांधले, समोर उभी राहिली आणि पहिला जोड त्याच्या डोक्यावर चढवला. गाणं सुरू झालं. भाऊ मान डोलवत ऐकत राहिला आणि मग त्याच्या कपाळाला आठी पडली.

"डावी जरा कच्ची वाटते," तो म्हणाला. "दुसरा लाव."

दुसरा लावला. आठी आणखी खोल गेली. त्याने डाव्या वाटीवर टिचकी मारली, वायर हलवली.

"हे काय आणलंस? डावीकडून काहीच येत नाही. नुसतं भंगार आहे हे!"

"मग सांगा, तुमचा कुठला?" मेडिकलवाला पुढे सरकून मोठ्याने म्हणाला.

"पहिला माझा. निदान त्यात काहीतरी तोल आहे. दुसरा तुमचा, शेठ, आणि तुम्हाला फसवलंय कोणीतरी."

ताईने दुसरा जोड त्याच्या डोक्यावरून उतरवला आणि त्याचं कव्हर उसवलं. आत वाकड्या शिवणीची मखमल होती. मेडिकलवाल्याने टाळी वाजवली आणि एवढा हसला, एवढा हसला, की त्याला भिंतीला हात लावावा लागला. भाऊने डोळ्यांवरची पट्टी ओढून काढली, स्वतःचे हेडफोन हातात घेतले, उलटसुलट केले आणि एकदम ओरडला, "उलटे घातलेस! ताई, तू डावं-उजवं बदललंस!"

ताईने गाठ चाचपली. खरंच होतं. समोरून घालताना तिने गाठीची वाटी आपल्या डाव्या हाताला धरली होती, म्हणजे ती त्याच्या उजव्या कानावर गेली. दोन्ही वेळा. चाळीस वर्षं उलट-सुलट शिवणाऱ्या बाईने ही चूक करावी! तिला स्वतःचीच लाज वाटली.

"परीक्षा रद्द," भाऊ म्हणाला. "हेडफोन उलटे घालायचेच नसतात. मी जन्मात कधी घातले नाहीत. शेठ, पुढच्या रविवारी या."

"लहान मुलं बरी," मेडिकलवाला म्हणाला.

पण ताईच्या हातात आता महागडा जोड होता, आणि ती त्याच्याकडे बघत राहिली होती.

"थांब जरा," ती म्हणाली. "शेठच्या घरी तू हे सरळ घातले होतेस. तेव्हा काय म्हणालास?"

"डावी बाजू कच्ची."

"आणि आत्ता उलटे होते. म्हणजे तुझ्या डाव्या कानावर ह्यांची उजवी बाजू होती. ती कशी कच्ची झाली?"

"तिकडूनही आखडता हात घेतला असेल कंपनीने."

"भाऊ, खुर्ची फिरवून ठेवली आणि तरी ती त्याच कोपऱ्यात डुगडुगत राहिली, तर मी खुर्चीचा पाय कापत नाही. जमीन बघते."

मेडिकलवाल्याचं हसू थांबलं. त्याला कळलं होतं. औषधं विकणारा माणूस, त्याला कळायला वेळ लागला नाही. "भाऊ," तो हळूच म्हणाला, "म्हणून तुमच्या हेडफोनमध्ये मला एका कानात कल्ला ऐकू येतो. तुमच्या कानाला मात्र ते बरोबर बसलेत. तुमच्यापुरते ते माझ्या जोडापेक्षा सरसच आहेत."

हेडफोनांसाठी भाऊला मिळालेली ही पहिली शाबासकी, आणि ती अशी. त्याने ती ऐकली, हेडफोन टेबलावर ठेवले, कपाटावरची हत्यारांची पिशवी उचलली आणि दुकानाबाहेर पडला.

"कुठे निघालास? अरे, मी बोलतेय!"

तो समोरच्या इमारतीत शिरला होता. ताई सुई छातीशी खोचून त्याच्यामागे धावली. मेडिकलवाला दुकानाच्या दारातच थांबला. त्याला बहुतेक यावंसं वाटलं नाही, आणि ताईला त्याबद्दल त्याचे आभार मानावेसे वाटले.

लिफ्टमध्ये भाऊ नेहमीसारखा दाराकडे तोंड करून उभा राहिला. तीस वर्षं तो असाच उभा राहत आला होता. त्याने पाचव्याचं बटण दाबलं. तिसऱ्या मजल्यापाशी आवाज आला, खर्र, खर्र.

"उजवीकडून," तो म्हणाला.

लिफ्ट खाली आणली. मग तो वळला आणि दाराकडे पाठ करून उभा राहिला. पुन्हा वर. खर्र, खर्र. त्याने पुन्हा खाली नेली, पुन्हा वर आणली, एकदा दाराकडे तोंड करून, एकदा पाठ करून. चौथ्या खेपेला ताईला सहन होईना.

"सांग की कुठून येतो!"

"उजवीकडूनच येतो," तो म्हणाला. "कसाही उभा राहिलो तरी. तू सांग."

ताईला लिफ्टमधलं ओ की ठो कळत नव्हतं. पण आवाज डाव्या हाताच्या भिंतीमागून येत होता, चांगला ढळढळीत. "दाराकडे बघितलं तर डावीकडून," ती म्हणाली. "हे तर बहिऱ्यालाही—" आणि तिने जीभ चावली.

भाऊने मान हलवली. लिफ्ट पाचव्या मजल्यावर थांबवली, ताईला बाहेर काढलं, गच्चीवरच्या मोटरच्या खोलीत जाऊन मुख्य स्विच बंद केला. पिशवीतून 'लिफ्ट बंद आहे' ही पाटी काढून दाराला अडकवली. मग खिशातून फोन काढून साहेबांना लावला.

"साहेब, आमच्या घरासमोरच्या इमारतीतली लिफ्ट बंद ठेवतोय. डाव्या रुळाचं काम आहे. मी दोनदा 'दोष नाही' लिहिलं ते चुकीचं होतं." जरा थांबून तो म्हणाला, "नाही, मी नको. दुसऱ्या कोणाला पाठवा. ज्याला दोन्हीकडून ऐकू येतं असा."

ताईला भयंकर राग आला. साहेबांचा, मेडिकलवाल्याचा, त्या लाल गाठीचा, आणि सगळ्यात जास्त स्वतःचा. दोन वर्षं हा माणूस तिच्या फेल्टमधून स्वतःच्या कानाचं ठिगळ शिवत होता आणि ती फेल्टचे तुकडे मोजत बसली होती.

पाच मजले जिना उतरायचा होता. भाऊ पुढे, ती मागे.

"उद्या सकाळी कानाच्या डॉक्टरकडे जायचं," ती म्हणाली.

तो उतरत राहिला. ताई भरभर दोन पायऱ्या उतरली, त्याच्या उजव्या बाजूला आली आणि मोठ्याने म्हणाली, "उद्या सकाळी! कानाच्या डॉक्टरकडे!"

"ओरडतेस काय? मघाशीच ऐकू आलं होतं."

"मग उत्तर द्यायला काय होतं तुला?"

"काय देऊ?" भाऊ म्हणाला.