लाल मातीची चौथी बाजू

“चारही बाजू पायी फिरलात ना?” अपील ऐकणाऱ्या मॅडमनी मला विचारलं.

“हो मॅडम,” मी म्हणालो. “दावेदाराने दाखवलेल्या हद्दीप्रमाणे मोजणी केली.”

खोटं होतं. मी तीनच बाजू फिरलो होतो. समोरच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर ती दावेदार, सायत्राबाई, बसली होती. साठीची असेल. माझं बोलणं संपेपर्यंत ती माझ्या तोंडाकडे पाहत राहिली आणि मी टेबलावरच्या काचेखाली दाबलेल्या जुन्या कॅलेंडरकडे.

मी भूकरमापक आहे, म्हणजे जमीन मोजणारा. सव्वीस वर्षं चंद्रपूर-गडचिरोलीची जमीन मोजतोय. ही गोष्ट मी घरीही सांगितली नव्हती. आता सांगतो, कारण ज्या एका शब्दाच्या आड मी लपलो तो शब्द अजून रोज ऐकू येतो आणि तो ऐकला की डोकं फिरतं. शब्द आहे अप्रॉक्स.

लग्नाला किती पानं? अप्रॉक्स पाचशे. आरमोरीची गाडी कधी? अप्रॉक्स अर्ध्या तासात. सायत्राबाईचा जन्म आधारकार्डावर एक जानेवारीचा आहे, तिच्या वयाच्या निम्म्या गावाचा तसाच. तोही अप्रॉक्सच. पानं चार कमी पडली तर कोणी उपाशी राहत नाही, गाडी उशिरा आली तरी येते. तिथवर या शब्दावर माझा राग नाही. माझा राग तो मोजणीच्या कागदावर येतो तेव्हाचा आहे. आणि तो आणणारा मीच होतो.

प्रकरण वनहक्काचं होतं. जंगलातली जमीन पिढ्यान्‌पिढ्या कसणाऱ्याला तिचा कायदेशीर पट्टा मिळतो. त्यासाठी आधी जमीन मोजावी लागते. हातात जीपीएसचं मशीन घेऊन शेताच्या प्रत्येक कोपऱ्यावर उभं राहायचं, बटण दाबायचं, की एक पॉइंट पडतो. सगळे पॉइंट जोडले की नकाशा तयार होतो. झाडाखाली आभाळ दिसत नाही, तिथे मशीनला वेळ लागतो. आकडा स्थिर होईपर्यंत थांबायचं. काम एवढंच. पाय लागतात आणि धीर लागतो.

सिंदेवाहीच्या बाजूचं गाव. सायत्राबाईच्या चार बांध्या होत्या. बांधी म्हणजे चारी बाजूंनी धुरे, म्हणजे मातीचे बांध, घातलेलं धानाचं वावर. त्यांच्या वर, मोहाच्या झाडांपलीकडे, तिची बोडी. बोडी म्हणजे पाळ घालून पावसाचं पाणी अडवलेलं लहान तळं. आमच्या झाडीपट्टीत धान निसवताना, म्हणजे लोंब्या बाहेर पडताना, पाऊस हमखास दगा देतो. तेव्हा बोडीचं पाणी सोडतात. ज्याची बोडी त्याचा धान, बाकीच्यांचा तणीस, नुसता पेंढा.

तीन बाजू झाल्या. चौथ्या बाजूला, वर बोडीकडे, जायला निघालो तर सोबतचा वनरक्षक म्हणाला, “वरतं नका जाऊ साहेब. काल तिथी वाघानं गोऱ्हा मारला.”

सायत्राबाई हसली. “माहाच गोऱ्हा होता तो. मी सकाळी जाऊन पाहून आलो ना. पोट भरलेला वाघ काय करते? झोपला असन कुठी.”

“बाई, तुम्हाले सवय आहे,” मी म्हणालो.

“वाघाची कोणाले सवय रायते भाऊ? पण पाणी पाहाले जाच लागते.”

मी वरच्या धुऱ्यावर उभा राहिलो. तिथूनच दोन पॉइंट घेतले आणि मध्ये सरळ रेघ ओढली.

“भाऊ, बोडी राह्यली ना.”

“घेतली बाई. अप्रॉक्स घेतली.”

“तुम्ही तं इथीच उभे हाव. घेतली काऊन म्हणता?”

“मशीनला समजतं.”

मशीनला काही समजत नाही. ते जिथे नेलं तिथलंच सांगतं. कच्च्या कागदावर क्षेत्राचा आकडा लिहिला आणि शेजारी, समासात, ‘अप्रॉक्स’. मनाचं समाधान झालं. आपण खोटं लिहिलेलं नाही असं वाटलं. पंचनाम्यावर तिचा अंगठा घेतला. बोडी घेतली असं मी सांगितलं होतं म्हणून तिने तो दिला.

भीती वाटली याची मला लाज नाही. त्या भागात वाघाला न भिणारा माणूस मी पाहिलेला नाही, सायत्राबाईसुद्धा भीतच होती. ‘चौथी बाजू मोजली नाही, वाघाची भीती’ असं लिहिलं असतं तर कोणी मला फाशी देणार नव्हतं. दुसऱ्या दिवशी परत यावं लागलं असतं, बस्स. पण ऑफिसातून माझ्या साहेबांचा सकाळपासून फोनवर फोन चालू होता, “आज गाव संपलं पाहिजे.” गाव संपवायचं होतं. संपवलं.

ऑफिसात कॉम्प्युटरवरच्या बाईंनी विचारलं, “सर, हे अप्रॉक्स कुठे टाकू? या रकान्यात अक्षर घेत नाही, आकडाच घेतं.”

मी म्हणालो, “मग आकडाच टाका.”

तिथे तो शब्द गळाला. आकडा राहिला. माझा अंदाज सरकारी सत्य झाला. पट्टा आला, त्याच्या पाठीवर नकाशा आला आणि बोडी रेघेच्या बाहेर, जंगलात गेली.

पुढच्या उन्हाळ्यात सायत्राबाई पाळीवर माती टाकायला गेली. पाळ दर वर्षी भरावी लागते, नाहीतर पावसात फुटते. त्याच वनरक्षकाने तिला अडवलं. “बोडी जंगलात आहे, नकाशा पाह्य.” ती ऑफिसात आली, मी तिला टोलवलं. तिने अपील केलं. सुनावणीच्या आदल्या दिवशी साहेबांनी मला सांगितलं, “दावेदाराने दाखवलं तसं मोजलं म्हणायचं. अंगठा आहे तिचा. विषय संपला.”

आणि मी तसंच म्हणालो. तिथूनच ही गोष्ट सुरू केली आहे.

मॅडमनी तिला विचारलं, “तुम्हाला काही सांगायचंय?”

सायत्राबाई उभी राहिली. “मॅडम, बोडीची माती लाल हाये, मुरमाची. खालतं बांधीत काळी. पाळीवर जाऊन आलेल्याचे पाय लाल होतेत, धुतल्याबिगर जात नाई. हे भाऊ माह्या घरी च्या प्याले आले, तं पाय काळेच होते. मी पाहलो.”

सगळे हसले. साहेब हसले, शिपाई हसला. मॅडम हसल्या नाहीत, पण पाय बघून निकाल देता येत नाही, असं काहीतरी म्हणाल्या. आणि मीही हसलो. खोटं बोललो ते एक वेळ नोकरीपायी म्हणता येईल. हसलो कशापायी, हे मला आजही सांगता येत नाही. त्या खोलीत खरा पुरावा एकच होता, आणि तो तिने दिला होता.

अपील फेटाळलं गेलं.

राजुऱ्याकडे खाणीसाठी जमीन जाते तेव्हा मी तीनदा मोजतो. खुंट्या ठोकतो, वीतभर फरक निघाला तर पुन्हा टेप लावतो. चंद्रपुरातला प्लॉटवाला अर्ध्या फुटासाठी माझी कॉलर धरतो. तिथे अप्रॉक्स लिहायची माझी हिंमत नाही, मला कोणी लिहू देणारही नाही. म्हणजे मला नीट मोजता येत होतं. कोणासाठी मोजायचं नाही, तेही मला न सांगता कळत होतं.

त्या पावसाळ्यात पाळ फुटली. शेजारच्या गावच्या मोजणीला जाताना मी रस्त्यावरून पाहिलं. धान निसवला होता आणि उभ्या उभ्या पांढरा पडला होता. वावरात उतरून लोंबी हातात घेतली. दाणा भरलाच नव्हता, नुसती फोलं. वर झाडांमधून दिसणाऱ्या बोडीच्या जागी चिखलाला भेगा पडल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी मी लेखी दिलं. चौथी बाजू फिरलो नाही, सुनावणीत खोटं बोललो, फेरमोजणी व्हावी.

साहेबांनी कागद वाचून दार लावून घेतलं. “डोकं ठिकाणावर आहे का? प्रमोशन तोंडावर आलंय तुमचं. आणि त्या बाईला काय फरक पडतो? बोडी अप्रॉक्स तिचीच आहे. वापरू दे की!”

“मग वनरक्षकाला तसं लिहून द्या साहेब.”

“तसं लिहून कसं देता येईल?”

“तेच म्हणतोय मी.”

त्यांनी कागद पुढे पाठवला. पाठवावाच लागला, कारण मी एक प्रत आधीच मॅडमच्या ऑफिसात आवक-क्रमांक घेऊन दिली होती. इतक्या वर्षांत एवढी हुशारी मी पहिल्यांदाच केली.

फेरमोजणी झाली. मशीन माझ्या हातात दिलं नाही, ते बरोबरच होतं. दुसरा भूकरमापक आला होता. मला हजर राहायला सांगितलं होतं. मोहाच्या झाडांखाली आकडा हलत होता. आम्ही थांबलो. कोणी घाई केली नाही. मग पाळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळे एकामागे एक चाललो, फुटलेल्या जागी खाली उतरून पुन्हा वर चढलो.

सायत्राबाईने चहा दिला. माझ्या पायांकडे पाहिलं.

“आता झाले लाल,” ती म्हणाली. “दोन सालानं झाले.”

मी माफी मागितली. ती म्हणाली, “च्या प्या, थंडा होते.”

बोडी पट्ट्यात आली. माझ्या सेवापुस्तकात ठपका आला, प्रमोशन गेलं. पाळ तिच्या मुलांनी पुन्हा बांधली. वाया गेलेला हंगाम कोणत्याच रकान्यात आला नाही.

नव्याने नोकरीत येणाऱ्यांना मी आता एवढंच सांगतो. भीती वाटली तर ‘भीती वाटली’ असं लिहा. तसं लिहिलं की मोजणी पुन्हा करावी लागते. अप्रॉक्स लिहिलं की ती झालेली असते.